परवानगीचे लाडू

आमच्या मागच्या अंगणाचं फाटक उघडलं की दोन कुंपणांच्या मधून एक अरुंद बोळ जातो. बोळ संपतो तिथे दगडी बांध लागतो आणि तो चढून उतरायला त्यात तीन लांब दगड बसवलेले आहेत. त्याला इथे स्टाइल म्हणतात. ती ओलांडली की मेंढ्यांचं कुरण, मग आणखी एक कुरण, मग ओहोळ, ओहोळावर दोन फळ्या आणि पलीकडे आठ-दहा घरांची वस्ती. चालत बारा मिनिटं. ही माझी बारा. नवऱ्याला वीस लागतात, कारण तो प्रत्येक मेंढीची चौकशी करतो.

लीड्सच्या एका हॉस्पिटलात मी एक्स-रे काढते. नवरा रेल्वेच्या सिग्नलचा इंजिनियर. शहर सोडून आम्ही ह्या गावात आलो तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. पहिले काही आठवडे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून नुसती बघत राहिले. कुत्रेवाले, काठीवाले, पाठीवर पोर बांधलेले, सगळे ती स्टाइल ओलांडून खुशाल कुणाच्या तरी शेतात शिरत होते. कुणी कुणाला विचारत नव्हतं. मला ते काही बरं दिसेना. माझी आई सांगायची, दुसऱ्याच्या शेतातून जायचं तर आधी विचारावं, मालक हो म्हणाला तर खाली मान घालून जावं आणि पिकाकडे बघत बसू नये. हे वळण मी अमरावतीपासून यॉर्कशरपर्यंत जपून आणलं होतं. गोऱ्यांना नसेल वळण, आम्हाला आहे, असंही थोडं होतं.

तर मी विचारायला गेले. एप्रिल होता. आमच्या घरी एप्रिल म्हणजे चौदा तारखेच्या जयंतीचा महिना. दिवाळीला मी एखाद्या वर्षी कंटाळा करेन, पण जयंतीला बेसनाचे लाडू आणि पातळ पोह्यांचा चिवडा होणारच. आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात अकरा लाडू आणि वर चिवड्याची पिशवी ठेवून मी शेतावर पोचले. तिथे एप्रिल म्हणजे मेंढ्या व्यायचा महिना असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. साठीचा शेतकरी गोठ्यात गुडघे टेकून बसला होता आणि त्याचा एक हात कोपरापर्यंत मेंढीत होता.

आता आलेच आहे तर विचारून टाकावं म्हणून मी म्हटलं, "तुमच्या शेतातून आम्ही ये-जा केली तर चालेल का?"

त्याने आधी कोकरू बाहेर ओढलं, गवताने पुसलं, आईच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. मग माझ्याकडे बघून, इथे अनोळखी बाईलाही 'लव्ह' म्हणतात त्या सुरात, म्हणाला, "मला कशाला विचारतेस, लव्ह? ती वाट माझी नाही, मी कोण परवानगी देणार? माझ्या आजोबांच्या आधीपासून लोक जातायत." आणि मग डब्याकडे मान हलवून, "त्यात काय आहे?"

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, "हो म्हणाला नाही."

"नाही म्हणाला?"

"नाही पण नाही म्हणाला. डबा ठेवून घेतला."

"म्हणजे अर्ज विचाराधीन आहे," नवरा म्हणाला.

चार दिवसांनी दारात डबा होता. स्वच्छ धुतलेला आणि आत सहा अंडी.

त्यानंतर दर वर्षी जयंतीच्या दिवशी मी अर्ज करत राहिले. डबा घेऊन जायचं, विचारायचं आणि तेच वाक्य ऐकून परत यायचं. मला वाटायचं, हा माणूस भलताच चिवट आहे. एक साधा होकार द्यायला ह्याचं काय जातं? मी अकराचे पंधरा लाडू केले, पंधराचे एकवीस केले. एका वर्षी काजू घातले, दुसऱ्या वर्षी तूप जरा सढळ हाताने. वाक्य बदललं नाही. नवऱ्याला तर चेष्टेला कायमचा विषय मिळाला. रविवारी बूट चढवताना तो म्हणायचा, "चल, बेकायदा फिरून येऊ."

मुलगी आठ वर्षांची असताना माझे बाबा तीन महिन्यांसाठी आले. पोस्टातून निवृत्त झालेले, चालायची सवय असलेले. त्यांना ती वाट अशी काही आवडली की सकाळचा चहाही ते घाईने प्यायचे. एकदा आम्ही दोघं स्टाइलवर बसलो होतो आणि मी मोठ्या कौतुकाने त्यांना माझ्या लाडूंची गोष्ट सांगितली. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत.

"कुणाला विचारलंस?" ते म्हणाले.

"मालकाला."

"लोक जातात ना इथून? रस्ता आहे ना? मग विचारायचं काय त्यात?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावात शाळेला जायला एक सरळ रस्ता होता, देवळाच्या पुढून. आमच्या वस्तीतल्या पोरांना त्या रस्त्याने जाऊ देत नसत. पोरं ओढ्याच्या कडेने वळसा घालून जायची, पावसाळ्यात मांडीभर पाण्यातून, दप्तर डोक्यावर धरून. "तुझ्या आजोबांनी एकदा जाऊन विचारलं, पोरांना सरळ जाऊ द्याल का म्हणून," बाबा म्हणाले. "विचारलं म्हणून मार खाल्ला. मग एक दिवस विचारणं सोडलं आणि मला घेऊन चालायला लागले."

मी म्हटलं, "बाबा, इथे तसं काही नाही हो. ह्याला मॅनर्स म्हणतात."

उरलेले सगळे दिवस ते त्या वाटेवरून रोज दोनदा गेले आणि दर वेळी मधोमध चालले.

आता आजींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. आमच्या शेजारी एक आजी राहतात आणि शेतापलीकडच्या वस्तीत त्यांची थोरली बहीण. ज्या वर्षाची ही गोष्ट, तेव्हा धाकट्या ब्याऐंशीच्या होत्या आणि थोरल्या सत्याऐंशीच्या. दोघी विधवा, दोघींची मुलं लांब. धाकट्या रोज सकाळी दहाला स्टाइल ओलांडून थोरल्यांकडे जायच्या आणि तिथे दोघी भांडायच्या. पेपरातल्या शब्दकोड्यावरून भांडायच्या, रूबार्बच्या आंबट देठांमध्ये साखर किती घालावी ह्यावरून भांडायच्या, त्यांच्या आईने कुणाला जास्त मारलं ह्यावरून भांडायच्या. बाराला धाकट्या तणतणत परत यायच्या. "उद्यापासून जायची नाही मी!" असं मला कुंपणावरून सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी दहाला त्यांची हिरवी टोपी कुरणातून जाताना दिसायची. मी नाइट ड्यूटीहून आले की ती टोपी बघून झोपायला जायचे.

मग एका हिवाळ्यात शेतकरी वारला. शेत त्याच्या मुलाकडे आलं. मुलगा म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ, बापासारखाच आडव्या हाडाचा. त्या वसंतात कुणाच्या तरी मोकाट कुत्र्याने त्याच्या गाभण मेंढ्या पळवल्या, दोन मेल्या. पुढच्याच आठवड्यात स्टाइलवर काटेरी तार आली, ओहोळाजवळच्या फाटकाला कुलूप आलं आणि पाटी लागली: खाजगी जमीन, वाट नाही. आणि खरंच, कौन्सिलच्या नकाशात ती वाट नव्हतीच. गावातल्या बाकी सगळ्या पायवाटा तुटक रेषांनी काढलेल्या होत्या, हीच कधीतरी राहून गेली होती.

धाकट्या आजी एकदा डांबरी रस्त्याने गेल्या. तो रस्ता दोन मैलांचा, आंधळ्या वळणांचा, कडेला पाऊल ठेवायला जागा नाही. दुधाचा टँकर आला तेव्हा त्या झुडपात शिरल्या आणि गालभर ओरखडे घेऊन घरी आल्या. त्यानंतर रस्ता बंद. बसने जायचं तर दोन बस बदलून गावभर फिरून. शेवटी असं ठरलं की रविवारी मी त्यांना गाडीने नेऊन सोडायचं. मी तिथे बसून बघायचे. आठवड्यातून एकदा भेटायला लागल्यावर दोघी एकमेकींशी चांगलं वागू लागल्या. "तू घे ना शेवटचं बिस्किट." "नाही गं, तू घे." साखरेचा विषयसुद्धा निघेना. पाहुण्यासारखं वागायला ह्या दोघींकडे अशी किती वर्षं होती?

गावात समिती झाली. समितीचा प्रमुख एक निवृत्त शिक्षक, त्याने सगळा कायदा पालथा घातला होता. नकाशात नसलेली वाट नकाशात आणता येते, त्याने सांगितलं. फक्त लोकांनी वीस वर्षं ती वापरलेली हवी आणि तीन प्रकारे वापरलेली नको. बळजबरीने नको, लपूनछपून नको आणि परवानगीने नको.

पहिल्या दोन गोष्टी मला पटल्या. तिसऱ्या वेळी मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. "परवानगीने नको?"

"अर्थात," तो म्हणाला. "परवानगी मागितली म्हणजे हक्क नाही हे मान्य केलं. हक्काने चाललं असेल तरच हक्क."

त्यात आणखी एक पंचाईत होती. गावातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी त्या शेतावर काम केलेलं. कुणी मेंढ्या कातरायला, कुणी गवत कापायला. धाकट्या आजींनी स्वतः दहा वर्षं तिथे अंडी भरली होती. त्यांचं चालणं मालकाच्या संमतीने धरलं जाणार. शिक्षक समाधानाने माझ्याकडे वळला. "म्हणून तुमची साक्ष सगळ्यात महत्त्वाची. तुमचा त्या शेताशी कधीच काही संबंध आलेला नाही."

एकवीस वर्षांचे लाडू माझ्या घशात आले.

फॉर्म ऑनलाइन होता. मुलगी शनिवार-रविवार बर्मिंगहॅमहून आली होती, तिने लॅपटॉप उघडला. "आई, हा क्वेश्चन बघ. 'तुम्ही कधी परमिशन मागितला होता का?' तू तर एव्हरी सिंगल इयर मागितला."

"माहीत आहे मला."

"मग काय टिक करू?"

नवरा म्हणाला, "नाही कर. लाडू काय साक्ष द्यायला येणार आहेत?"

"बाबा! ते लीगल डॉक्युमेंट आहे. आई लाय करणार आहे का?"

दोन दिवस तो फॉर्म तसाच उघडा राहिला. मी शिक्षकाला फोन करून खरं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला असावा, असा फोनमधून आवाज आला. मग हळूच म्हणाला, कधीकाळी एकदा सहज विचारलं असेल तर ते लिहायलाच हवं असं नाही. कधीकाळी एकदा नाही, मी म्हटलं, एकवीसदा. धाकट्या आजी मात्र ऐकून म्हणाल्या, "माझ्यासाठी खोटं लिहू नकोस. पण पुढच्या वेळी कुणाला लाडू नेताना तोंड बंद ठेव." आणि कुंपणाआड गेल्या. त्यांना रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही.

मी "हो" वर टिक केली.

मुलाने हरकत घेतली, प्रकरण वर गेलं आणि दोन वर्षांनी गावच्या हॉलमध्ये सुनावणी लागली. मधल्या काळात माझे बाबाही गेले. सरकारने पाठवलेली इन्स्पेक्टर, चष्मा नाकावर ओढलेली बाई, टेबलामागे बसली. एका बाजूला शेतकऱ्याचा मुलगा आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. थोरल्या आजींना चाकाच्या खुर्चीतून आणून पुढे बसवलं होतं. कमी ऐकू येत असल्यामुळे त्या दर पाच मिनिटांनी मोठ्याने विचारत होत्या, "आता कोण जिंकतंय?"

वकिलाने माझा फॉर्म बाहेर काढला. त्याला तो आधीच सापडला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"तुम्ही परवानगी मागितली होती?"

"हो."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. जयंतीला." मग जयंती म्हणजे काय ते सांगावं लागलं, लाडू म्हणजे काय तेही.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं," तो म्हणाला, "की इथून चालायचा हक्क तुम्हाला नाही?"

मला ओढा आठवला, डोक्यावर दप्तर धरलेली पोरं आठवली आणि आई आठवली. विचारावं, खाली मान घालून जावं, बघत बसू नये. ते वळण नव्हतं. ती भीती होती. आईने ती धुऊन, इस्त्री करून माझ्या अंगावर घातली आणि मी ती वळण म्हणून मिरवत इतकी वर्षं फिरले. मला आईचा राग आला नाही, नुसतं भरून आलं. मी म्हटलं, "मला हक्क आहे, हे मला शिकवलं गेलं नव्हतं. माझ्या वडिलांनी सांगून बघितलं होतं, पण मी ऐकलं नाही."

वकील खाली बसला. माझी साक्ष संपली, असं मला वाटलं. शिक्षक छताकडे बघत होता. तेवढ्यात इन्स्पेक्टरबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"आणि तुम्ही विचारल्यावर ते काय म्हणाले?"

हे तोवर मला कुणीच विचारलं नव्हतं. फॉर्ममध्ये तो प्रश्नच नव्हता. मी एकवीस वेळा ऐकलेलं वाक्य होतं, मला ते झोपेत येतं. त्याच ठेक्यात, त्याच यॉर्कशरी उच्चारात मी म्हणून दाखवलं, "मला कशाला विचारतेस, लव्ह? ती वाट माझी नाही, मी कोण परवानगी देणार? माझ्या आजोबांच्या आधीपासून लोक जातायत."

हॉलमध्ये मागे कुणीतरी हसलं. शेतकऱ्याच्या मुलाने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या बापाचा आवाज दोन वर्षांहून जास्त काळ त्या गावात कुणी ऐकला नव्हता.

"आणि दुसऱ्या वर्षी?" बाईंनी विचारलं.

"तेच."

"तिसऱ्या?"

"तेच. एका वर्षी फक्त 'लव्ह' गाळलं होतं. त्या दिवशी त्यांची मेंढी मेली होती."

"म्हणजे एकवीस वर्षांत त्यांनी तुम्हाला एकदाही परवानगी दिली नाही?"

"एकदाही नाही!" मी म्हटलं. इतक्या वर्षांची तक्रार होती, ती सुरात आलीच. "लाडू मात्र दर वर्षी ठेवून घेतले."

सगळा हॉल हसला. शिक्षकाने माझा दंड इतका घट्ट धरला की चार दिवस दुखत होता. बाई बराच वेळ लिहीत होत्या. मला अजून काही कळलं नव्हतं, नवऱ्याने कानात सांगितलं, "अगं, मालक स्वतःच म्हणत होता ना, की ती वाट लोकांची आहे. एकवीस वर्षं!" थोरल्या आजी ओरडल्या, "आता कोण जिंकतंय?" आणि धाकट्या त्यांच्यावर खेकसल्या, "गप्प बस, म्हातारे!" त्या रविवारच्या बिस्किटानंतर पहिल्यांदाच खेकसल्या.

निकालाचं पत्र हिवाळ्यात आलं. वाट नकाशात गेली. मुलाने तार स्वतःच काढली, कुलूप काढलं, बांधाजवळ पिवळा बाण लागला आणि कुत्र्यांना दोरीने बांधा अशी एक पाटी. ती पाटी अगदी रास्त होती. पहिल्या कोरड्या सकाळी धाकट्या आजी हिरवी टोपी घालून दहाला निघाल्या. आता स्टाइलवर त्यांना माझा हात लागतो आणि बारा मिनिटांची पंचवीस झाली आहेत. त्यांना पलीकडे उतरवून मी खिडकीत येऊन बसले. साडेबाराला त्या परत आल्या, तोंड लालबुंद. "अडीच चमचे साखर घातली तिने! अडीच! उद्यापासून जायची नाही मी." माझा जीव भांड्यात पडला.

मग एप्रिल आला. लाडू झाले, डबा भरला. वाटेने शेतावर गेले तर मुलगा गोठ्यात गुडघ्यांवर बसलेला आणि त्याचा हात कोपरापर्यंत मेंढीत. त्याने मान वर केली.

"आता कसली परवानगी?" तो म्हणाला.

"परवानगी नको," मी म्हटलं. "जयंती आहे."

त्याने कोकरू ओढलं, पुसलं, आईपाशी ठेवलं. मग हात बादलीत धुऊन डबा उघडला आणि तिथेच उभ्याने एक लाडू खाल्ला. म्हणाला, बाप हे कधी कुणाला द्यायचा नाही, सगळे एकटा खायचा. मी म्हटलं, मला तसा संशय होताच.

येताना मी वाटेच्या मधोमध चालत आले. चिखल तिथेच सगळ्यात जास्त होता.